डॉपलरवरून थ्रस्ट : फोंड्याच्या गच्चीवरच्या प्रकल्प नोंदी

छोट्या उपग्रहावरचा विद्युत थ्रस्टर कक्षेत खरोखर किती ढकलतो, हे गच्चीवरच्या अँटेनाने मोजायच्या कामाच्या या नोंदी. उपग्रह १२ किलोचा, उंची सुमारे ५०० किमी, कक्षा सूर्यसमकालिक, बीकन (उपग्रहाचा ओळख-सिग्नल) ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास. थ्रस्टर इंडियमचा, म्हणजे वितळलेल्या धातूच्या सुयांच्या टोकांवरून विद्युतक्षेत्राने आयन खेचून काढणारा. बर्नचं (थ्रस्टर चालवण्याच्या एकेका वेळेचं) वेळापत्रक आणि टेलिमेट्री (उपग्रहाने पाठवलेली मोजमापं) उपग्रह चालवणाऱ्या चमूकडून मिळते. उपग्रहावर जीपीएस रिसीव्हर नाही, म्हणूनच हा खटाटोप. असंच काही करू पाहणाऱ्यांनी ७ जुलै आणि २१ जुलैच्या नोंदी आधी वाचाव्यात.

१४ एप्रिल २०२४

खर्च करण्याआधी सिग्नल किती मोठा असेल ते काढलं. टेलिमेट्रीत प्रवाह ३ मिलिअँपिअर, व्होल्टेज ७ किलोव्होल्ट. इंडियमचा अणुभार ११४.८ धरला तर आदर्श थ्रस्ट ०.३९ मिलिन्यूटन. किरण पसरतो, काही द्रव्य थेंबांच्या रूपात वाया जातं, त्यासाठी उपग्रहावरचं सॉफ्टवेअर ०.८ ने गुणतं. उरतात ०.३१ मिलिन्यूटन.

२० मिनिटांच्या बर्नला वेगातला बदल सेकंदाला ३.१ सेंटिमीटर. कक्षेच्या अर्ध-दीर्घअक्षात (ढोबळमानाने त्रिज्येत) वाढ = २ × वेगबदल × अर्ध-दीर्घअक्ष ÷ कक्षावेग, म्हणजे ५६ मीटर. हे ५६ मीटर जमिनीवरून थेट दिसणं शक्य नाही. पण कक्षा वर गेली की आवर्तनकाल वाढतो आणि उपग्रह दर फेरीला सुमारे ५३० मीटर मागे पडतो. दिवसाला १५.२ फेऱ्या, म्हणजे एका दिवसात ८ किमी. सेकंदाला ७.६ किमी वेगाने जाणारा उपग्रह दुसऱ्या दिवशी साधारण एक सेकंद उशिरा येतो. हा एक सेकंद मोजायचा. उंची मोजायच्या मागे लागू नका, वेळ मोजा.

सार्वजनिक टीएलईतून (उपग्रहाच्या कक्षेचे दोन ओळींतले आकडे) हेच काढता येईल असं पुष्कळांना वाटतं. टीएलई ज्या क्षणासाठी काढलेली असते त्या क्षणालाच तिची चूक किलोमीटरच्या घरात असते. शिवाय ती अनेक दिवसांच्या निरीक्षणांवर बसवलेली असते, त्यामुळे बर्न मध्ये आला की त्याचा परिणाम बी-स्टारमध्ये (टीएलईतल्या वातरोधाच्या आकड्यात) मुरतो. सलग बर्न चालू असलेल्या उपग्रहाचा बी-स्टार ऋण झालेला दिसतो, तो यामुळेच.

२१ एप्रिल

अँटेना तांब्याच्या नळीची क्वाड्रिफिलर हेलिक्स, स्थिर. यागी (एका दिशेची अँटेना) आणि ती फिरवणारा रोटेटर मुद्दाम टाळला. बीकन एक वॅटचा आहे, माथ्यावरच्या पासला (उपग्रह आकाशातून जाण्याच्या एका खेपेला) सिग्नल भरपूर मिळतो आणि पावसाळ्यात रोटेटरची मोटर व बेअरिंग सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

घरात पडून असलेली आरजी-५८ केबल लावून पाहिली. १५ मीटरला पाच डेसिबलच्या वर तोटा. एलएमआर-४०० ला तेवढ्याच लांबीत दीड डेसिबलच्या आत. केबल बदलली आणि एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा प्रवर्धक) अँटेनाच्या बुडाशी नेला. एलएनए फिल्टर असलेलाच घ्या. स्वस्तातला रुंदपट्ट्याचा एलएनए जवळच्या मोबाइल टॉवरमुळे बुडतो आणि सगळ्या स्पेक्ट्रमभर भुताटकीच्या रेषा उमटतात.

खर्च : आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) ४,००० रुपये, सॉ फिल्टरसह एलएनए ३,०००, केबल आणि एन-कनेक्टर २,५००, तांबं आणि पीव्हीसी १,२००, रास्पबेरी पाय (छोटा संगणक) ५,५००, जीपीएस मॉड्यूल ५००.

२८ एप्रिल

घड्याळ. या प्रकल्पात सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला, आणि तो इथेच जायला हवा.

इंटरनेटवरून वेळ जुळवली की वायफायवर काही दहा मिलिसेकंदांची चूक राहते, ती खपते. खपत नाही तो एसडीआरचा यूएसबी बफर. नमुने हवेतून आले कधी आणि फाइलवर शिक्का पडला कधी, यातला फरक दर रेकॉर्डिंगला बदलतो, कधी सेकंदाच्या दोन-तीन दशांशांपर्यंत. एक सेकंद मोजायचा असताना हे चालणार नाही.

उपाय सोपा आहे. जीपीएस मॉड्यूलचा दर सेकंदाचा पल्स ७४एसी१४ चिपमधून काढून अँटेनाजवळ ठेवलेल्या बोटभर तारेला दिला. चिपची कड इतकी जलद असते की ४३७ मेगाहर्ट्झवरही तिचा बारीक टिक् उमटतो आणि वॉटरफॉलमध्ये (वेळेनुसार सरकणाऱ्या वारंवारता-चित्रात) दर सेकंदाला एक आडवी रेघ दिसते. घड्याळ नमुन्यांच्या आतच आलं. आता बफर किती उशीर लावतो याच्याशी देणंघेणं उरलं नाही. कुठला टिक् कुठल्या सेकंदाचा, हे ठरवायला संगणकाचं घड्याळ अर्ध्या सेकंदात बरोबर असलं तरी पुरतं.

५ मे

बीकन ९६०० बॉडचा जीएमएसके (वारंवारता हलवून आकडे पाठवायची पद्धत) आहे, दर १० सेकंदांनी एक छोटं पॅकेट. त्यात वाहक लहर नसते, त्यामुळे वारंवारता नेमकी कुठे आहे हे सरळ वाचता येत नाही. सिग्नलचा वर्ग केला की दोन रेषा उभ्या राहतात, त्यांच्यात ९६०० हर्ट्झचं अंतर. दोन्हींचा मध्य काढून निम्मा केला की मूळ वारंवारता मिळते. चांगल्या पासला चूक १० हर्ट्झच्या आत.

डॉपलरचा (उपग्रह जवळ येताना वाढणाऱ्या आणि दूर जाताना घटणाऱ्या वारंवारतेचा) एकूण पल्ला अधिक-उणे १० किलोहर्ट्झ. माथ्यावरून जाणाऱ्या पासला निकटबिंदूपाशी, म्हणजे उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असताना, उतार सेकंदाला सुमारे १५५ हर्ट्झ, तर १५ अंशांवरून जाणाऱ्या पासला जेमतेम ५५. म्हणून मोजणीला ४० अंशांच्या वरचेच पास घेतो. फोंड्याहून दिवसाला साधारण चार पास मिळतात, कामाचे एक किंवा दोन.

वक्र बसवताना अज्ञात तीनच ठेवले : उपग्रह किती सेकंद पुढे-मागे, बीकनची स्थिर चूक, आणि पासभर होणारी सावकाश सरक. तिसरा अज्ञात गाळू नका. उपग्रह सावलीतून उन्हात आला की त्याचा ऑसिलेटर तापतो, वारंवारता सरकते, आणि ती सरक वेळेत मिसळते.

दोन गोष्टी कोडमध्ये जपायच्या. एका मोजणीत पहिल्या पासापासून शेवटच्या पासापर्यंत तीच जुनी टीएलई आधार म्हणून ठेवायची, मध्ये नवी आली तरी हात लावायचा नाही. आणि उपग्रहाला मागे-पुढे करताना मध्य-विसंगतीचा कोन (उपग्रह कक्षेत कुठवर पोचला हे सांगणारा) बदलायचा. वेळच सरकवली तर पृथ्वीही फिरते आणि पासची बाजू बदलते.

माथ्यावरच्या पासला निकटबिंदूची वेळ आता ०.०५ सेकंदापर्यंत मिळते.

१३ मे

१० मेच्या रात्री सुरू झालेल्या भूचुंबकीय वादळाने केपी निर्देशांक (भूचुंबकीय खळबळीचं ० ते ९ माप) ९ ला नेला. लडाखात हानळेला लाल ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रं निघाली. थ्रस्टर या काळात बंद होता, तरी उपग्रह दर पासला अधिकाधिक लवकर येऊ लागला. वादळात वरचं वातावरण तापून फुगतं, ५०० किमीवरची घनता वाढते, कक्षा खाली घसरते आणि आवर्तनकाल कमी होतो.

या चार दिवसांत हातात घ्यायचा आकडा हा : ०.०६ चौरस मीटर समोरचं क्षेत्रफळ, रोधांक २.२ आणि दर घनमीटरला १०^-१२ किलो घनता धरली, तर वातरोध दिवसाला ५० मीटर कक्षा खातो. सूर्य सक्रिय असताना ५०० किमीवर ही घनता अगदी शक्य आहे. म्हणजे २० मिनिटांच्या बर्नने कमावलेले ५६ मीटर हवा एका दिवसात जवळजवळ संपवते. हा रोध नीट वजा केल्याशिवाय थ्रस्टचा कुठलाही आकडा छापू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुलनेने साध्या वादळात नव्याने सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० गेले. ते जेमतेम २१० किमीवर होते आणि वाढलेल्या रोधामुळे सुरक्षित अवस्थेतून बाहेर येऊन कक्षा चढवू शकले नाहीत.

२ जून

रोधासाठी घनतेच्या प्रतिमानांवर अवलंबून राहून पाहिलं. एफ१०.७ (सूर्याच्या सक्रियतेचं रेडिओ माप) आणि केपी भरून मिळणारी घनता शांत दिवशीही १५-२० टक्के इकडेतिकडे असते. ५० मीटरच्या २० टक्के म्हणजे १० मीटर, आणि ते आपल्या ५६ च्या मानाने फार मोठे.

त्याऐवजी त्याच प्रक्षेपणातला, जवळच्याच कक्षेत असलेला, थ्रस्टर नसलेला दुसरा उपग्रह धरला. त्याचंही बीकन रोज मोजायचं. आपला थ्रस्टर बंद असलेल्या दिवसांत दोघांच्या घसरणीचं गुणोत्तर काढून ठेवायचं. बर्नच्या दिवशी जोडीदार किती घसरला ते पाहून आपला किती घसरला असता ते सांगता येतं. एकच हवा दोघांना लागते, त्यामुळे वादळ आलं तरी गुणोत्तर फारसं हलत नाही. अट एकच : आपल्या उपग्रहाचे सौरपंखे आणि रोख बर्नच्या दिवशीही तसेच असले पाहिजेत. पंखा वळला की क्षेत्रफळ बदललं आणि गुणोत्तर मोडलं. रोधाची अनिश्चितता १० मीटरवरून साधारण ३ मीटरवर आली. या संपूर्ण कामात सर्वांत मोठा फायदा याने दिला.

१६ जून

पावसाचा पहिला आठवडा. सिग्नल सहा डेसिबल पडला. एन-कनेक्टरवर साधी इन्सुलेशन टेप होती, तिच्या आत पाणी. कनेक्टर वरच्या बाजूला असला की टेप पन्हळीसारखी पाणी आत नेते. आता आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, खालून वर गुंडाळलेली, त्यावर साधी टेप, आणि केबलला खाली लोंबता वळसा, म्हणजे थेंब तिथे गळतो.

ॲल्युमिनियमच्या खांबावर स्टीलचे बोल्ट थेट लावलेले पांढरे पडायला लागले आहेत. फोंडा समुद्रापासून आत असूनही हे होतं. वास्को किंवा दोनापावल्याला गच्ची असेल तर मध्ये नायलॉनचे वॉशर पहिल्याच दिवशी घाला.

अर्थिंग. खाली सगळा चिरा. त्यात नुसता रॉड ठोकला तर रोध ३० ओहमच्या खाली येईना. खड्डा खणून तांब्याची पट्टी, भोवती बेंटोनाइट, तेव्हा ५ च्या आत आला. मीठ-कोळशापेक्षा बेंटोनाइट बरा, कारण आपल्या पावसात मीठ दोन हंगामांत वाहून जातं आणि जाईपर्यंत तांबं खातं. खर्च ६,००० रुपये, पण विजांच्या दिवसांत एसडीआर आणि रास्पबेरी पाय दोन्ही शाबूत राहिले.

३० जून

पहिली विश्वासार्ह मालिका. टेलिमेट्रीतलं व्होल्टेज एव्हाना ७.६ किलोव्होल्टवर गेलं आहे, प्रवाह तोच ३ मिलिअँपिअर. उपग्रहाच्या सूत्राप्रमाणे थ्रस्ट ०.३२ मिलिन्यूटन, अपेक्षित उशीर दिवसाला १.१० सेकंद. रोध वजा करून मिळालेला उशीर ०.८० सेकंद. म्हणजे सांगितलेल्याच्या ७३ टक्के.

७ जुलै

किती दिवस थांबून मोजायचं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. थांबलं की उशीर वाढतो, म्हणून जास्त थांबावं असं वाटतं. पण थ्रस्टमुळे येणारा उशीर दिवसांच्या प्रमाणात वाढतो, तर रोधातली चूक दिवसांच्या वर्गाच्या प्रमाणात.

रोधाची अनिश्चितता दिवसाला १० मीटर असेल तर पहिल्या दिवशी त्यातून ०.०९ सेकंदाची चूक येते, तिसऱ्या दिवशी ०.८५. थ्रस्टचा उशीर तोवर ३.२ सेकंद झालेला असतो, म्हणजे चूक २७ टक्के. अशा वेळी एका दिवसावर थांबणंच बरं, आणि तिथेही घड्याळाची चूक धरून ११ टक्के सुटत नाहीत. अनिश्चितता ३ मीटरवर आणली की दोन दिवस सर्वोत्तम ठरतात आणि एकूण चूक ६ टक्क्यांवर येते. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही. एका बर्ननंतर दोन दिवस थ्रस्टर बंद ठेवायला चमू तयार झाला. ही परवानगी आधीच मागून घ्या, नंतर वेळापत्रकात जागा मिळत नाही.

२१ जुलै

गेलेले २७ टक्के कुठे गेले?

पहिला संशय न्यूट्रलायझरवर. आयन बाहेर जाताना तेवढेच इलेक्ट्रॉन सोडले नाहीत तर उपग्रह ऋणभारित होतो आणि आयन मागे ओढले जातात. पण उपग्रहाचं विभव १०० व्होल्टने जरी बिघडलं तरी ७ हजारांतले १०० गेले, थ्रस्टमध्ये फरक पाऊण टक्का. न्यूट्रलायझर एक तर पुरेसा चालतो किंवा थ्रस्टरच बंद पाडतो. तो अधूनमधून २७ टक्के चोरत नाही. जपानच्या हायाबुसा या लघुग्रहावर गेलेल्या यानाचं उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखं : नोव्हेंबर २००९ मध्ये इंजिनं एकामागून एक निकामी झाल्यावर एका इंजिनाचा न्यूट्रलायझर आणि दुसऱ्याचा आयनस्रोत जोडून यान घरी आणलं गेलं. ते शक्य झालं कारण तशी जोडणी उड्डाणाआधीच मंडलात करून ठेवलेली होती.

दुसरं, बर्नची खरी लांबी. आज्ञा २० मिनिटांची, पण प्रवाह ३ मिलिअँपिअरवर पोचायला चार मिनिटं लागतात. सरळ चढ धरला तर दोन मिनिटांचा थ्रस्ट गेला, म्हणजे १० टक्के. दहा सेकंदांच्या टेलिमेट्रीने हे स्पष्ट दिसलं.

तिसरं, रोख. थ्रस्टरचा अक्ष वेगाच्या दिशेपासून १२ अंश बाजूला होता. कोसाइन ०.९७८, म्हणजे २ टक्के. लोक रोखाला फार दोष देतात. एक चतुर्थांश थ्रस्ट गमवायला ४० अंशांच्या वर चुकावं लागतं.

दोन्ही धरून ८८ टक्के उरतात, मोजलेले ७३. राहिलेला फरक थ्रस्टरच्या आतला. आणि इथेच चढलेलं व्होल्टेज बोलतं. तोच प्रवाह ढकलायला जास्त व्होल्टेज लागतंय, याचा अर्थ काही सुयांची टोकं बंद पडली आहेत आणि उरलेल्या सुया त्यांच्या वाट्याचा प्रवाह वाहताहेत. सुईमागे प्रवाह वाढला की किरण जास्त पसरतो आणि आयनांऐवजी थेंब जास्त सुटतात. थेंब इंधन खातात, थ्रस्ट देत नाहीत. ०.८ चा गुणक आता खरा राहिलेला नाही, ०.६६ च्या आसपास आला आहे.

सूत्राला यातलं काही कळत नाही. त्यात व्होल्टेज वाढलं की थ्रस्ट वाढलेला दिसतो. थ्रस्टर बिघडत असताना टेलिमेट्री सुधारणा दाखवते. प्रवाह-व्होल्टेजचा आलेख दर बर्नला काढून जुन्यावर ठेवा. तीच या जातीच्या थ्रस्टरची नाडी आहे.

११ ऑगस्ट

चमूबरोबर ठरलेले बदल :

टाकीचं तापमान बर्नच्या बरंच आधीपासून चढवायचं. इंडियम १५६.६ अंश सेल्सिअसला वितळतं, पण जेमतेम वितळलेला धातू सुईच्या टोकापर्यंत नीट चढत नाही. आधी जास्त वेळ गरम ठेवून मगच व्होल्टेज लावायचं, तेही पायरीपायरीने, प्रत्येक पायरीवर एक्स्ट्रॅक्टरचा (आयन खेचणाऱ्या इलेक्ट्रोडचा) प्रवाह पाहत. तो एकाएकी वाढला तर तिथेच थांबायचं.

प्रवाह ३ वरून २ मिलिअँपिअरवर. व्होल्टेज ६.२ किलोव्होल्ट. सूत्राचा थ्रस्ट ०.१९ मिलिन्यूटन, म्हणून बर्न ३२ मिनिटांचा. एकूण आवेग तोच राहतो, थेंब कमी होतात, किलोमागे इंधनाचा उपयोग वाढतो. तोटा म्हणजे हीटर आणि न्यूट्रलायझर जास्त वेळ चालतात. म्हणून बर्न उन्हाच्या भागातच संपवायचा, नाहीतर बॅटरी खाली जाते आणि उपग्रह स्वतःहून थ्रस्टर तोडतो. १२ अंशांचा रोखही सुधारला.

२२ सप्टेंबर

चवथीच्या दिवसांत चमूचं काम थंडावलेलं असतं. तो काळ थ्रस्टर बंद ठेवून जोडीदाराशी गुणोत्तर पुन्हा बसवण्यासाठी वापरला. त्यानंतरच्या बर्नचा निकाल : अपेक्षित १.०६ सेकंद, मोजलेला ०.९७. म्हणजे ९२ टक्के. ३२ मिनिटांतली चढाची दोन मिनिटं गेली तर ९४ उरायला हवेत. मोजणीच्या ६ टक्के चुकीत हे बसतं.

एक नवी अडचण दिसली. बर्न नेहमी कक्षेच्या त्याच भागात होत असल्याने कक्षा हळूहळू लंबगोल होते. एका बर्नचा परिणाम ०.०१५ सेकंद, दुर्लक्ष करण्याजोगा. पण तीस बर्न एकाच जागी झाले की ०.४ सेकंदांपर्यंत पोचतो, आणि तो सकाळच्या व रात्रीच्या पासला उलट चिन्हाने येतो. दोन्ही पासांची सरासरी घ्या, किंवा आधाराची टीएलई नव्याने घेऊन मोजणी सुरू करा.

रात्रीच्या पासबद्दल आणखी : आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर आयनांबरातल्या खळबळीने सिग्नल सेकंदासेकंदाला उतरतो-चढतो. वारंवारता फारशी बिघडत नाही, पण पॅकेटं गळतात. पासातले मोजणीचे बिंदू २० च्या खाली गेले की तो पास टाकून देतो.

१३ ऑक्टोबर

१० ऑक्टोबरला पुन्हा मोठं वादळ. या वेळी बर्नची दोन दिवसांची खिडकी नेमकी त्यातच आली. जोडीदाराच्या मोजणीवरून रोध वजा केल्यावर निकाल ८८ टक्के. शांत दिवसांच्या ९२ च्या जवळ. घनतेच्या प्रतिमानाने हीच मोजणी निम्म्यावर आली असती.

पुढचं काम : न्यूट्रलायझर क्रमांक दोनवर तीन बर्न, मग पुन्हा एकवर तीन, प्रवाह-व्होल्टेज आलेखासह. टाकीत उरलेल्या इंडियमचा अंदाज आता ०.८ च्या गुणकावर नव्हे, मोजलेल्या आवेगावरून लावायचा. एलएनएचा दुसरा कनेक्टर उघडून पाहायचा, त्यातही ओल वाटते.